बैल कुठंय, ते पुस्तिकेत नव्हतं

मी तयार केलेला खेळ पहिल्या महिन्यात भराभर खपला आणि मी हवेत गेले. खेळ असा: गावच्या जत्रेच्या आदल्या दिवशी शर्यतीचा बैल हरवतो. टेबलाभोवती बसलेल्यांनी सरपंचबाई, रुसलेला चुलता, गुरांचा डॉक्टर अशी एकेक भूमिका घ्यायची, आपण काय करतो ते बोलून सांगायचं, अडलं की फासा टाकायचा. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट पुढे न्यायची. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सूत्रधार अर्थातच मी असायचे आणि लोक पोट धरून हसायचे.

मग सगळं थंडावलं. रावेतच्या खेळण्यांच्या दुकानातले काका म्हणाले, "ताई, आतापर्यंत ओळखीच्यांनी घेतला. अनोळखी माणूस मागायला आला, तर खरं." मला रागच आला. खेळ घेतलेल्या मैत्रिणींना फोन लावले, तर प्रत्येकीचं तेच: "तू ये ना, तू असलीस की मजा येते." म्हणजे डबे कपाटावर धूळ खात होते. नोकरी सांभाळून मी कुणाकुणाच्या घरी जाणार? दुसरी आवृत्ती काढायची की नाद सोडायचा, एवढंच ठरवायचं होतं. नाद सोडणं माझ्या रक्तात नाही.

चाकणच्या कारखान्यात मी मशीनवर लावायचे सूचनांचे कागद लिहिते. आमचा एक शिरस्ता आहे. नवा कागद दुसऱ्या लाइनवरच्या माणसाच्या हातात द्यायचा आणि लिहिणाऱ्याने हात मागे बांधून गप्प उभं राहायचं. त्या माणसाला काही विचारावं लागलं, की कागद नापास. इतरांचे कागद मी इतकी वर्षं तोऱ्यात नापास केले, पण स्वतःच्या खेळाला ही परीक्षा लावायचं मला सुचलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत वेल्डिंगवरच्या एका बीडकडच्या भाऊंना पुस्तिका दिली, त्यांच्याबरोबर तिघांना बसवलं आणि मागे उभी राहिले. भाऊंनी पानं पुढून चाळली, मागून चाळली आणि वळून म्हणाले, "मॅडम, बैल कुठंय ते ह्यात लिहिलंच नाही की!"

बैल माझ्या डोक्यात होता. तिथून तो कागदावर कधी उतरलाच नव्हता. शिरस्त्याप्रमाणे माझी पुस्तिका नापास.

त्यानंतर दर गुरुवारी तेच टेबल, तीच सुट्टी. भाऊ विचारत, मी घरी जाऊन पान नव्याने लिहायचे. आठ वेळा नापास झाले. शेवटी नियम असा बसला की बैल कुठे लपवायचा, ते सूत्रधाराने सुरुवातीलाच मनाशी ठरवायचं आणि कुणाला सांगायचं नाही. त्या गुरुवारी भाऊंनी अख्खा खेळ चालवला आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी दुसरी आवृत्ती छापायला टाकली.

काही महिन्यांनी दुकानातल्या काकांकडून कळलं, दापोडीत दर रविवारी काही मंडळी हा खेळ खेळतात. मी गेले, ओळख न देता रुसलेल्या चुलत्याची भूमिका घेतली. सूत्रधार एक निवृत्त नर्सबाई होत्या. मला राहवेना. "अहो, इथे फासा टाकायचा असतो..."

"पुस्तिका वाचलीय मी," त्या म्हणाल्या. "तुमची पाळी आली की बोला."

मी सवयीने हात मागे बांधले. पाळी आल्यावर तालीम शोधली, उसाचा फड शोधला, देवळामागचा गोठासुद्धा. बैल मिळाला नाही आणि वेळ संपली.

"निदान सांगा तरी, कुठंय?" मी विचारलं.

"पुढच्या रविवारी या," बाई फासे डब्यात टाकत म्हणाल्या.

मी निमूट रविवारची वाट बघत बसले. इतका आनंद मला पहिल्या महिन्यातही झाला नव्हता.