आबांच्या उशाशी दहा माणसं

आबा वारले, आणि पुढची सहा वर्षं दर शुक्रवारी दिवेलागणीला ते घरात यायचे. मी शब्बाथचा, शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावला की मागच्या खोलीतून त्यांचं मोजणं सुरू व्हायचं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू. प्रार्थनेला जमलेल्या माणसांना आमच्यात एक, दोन, तीन असं मोजत नाहीत. दहा शब्दांची एक ओळ आहे, ती एकेकाकडं बघत एकेक शब्द म्हणायची. ओळ पुरी झाली की दहा पुरुष भरले, आणि दहा भरल्याशिवाय मेलेल्या माणसासाठीचं कद्दिश म्हणता येत नाही. आबा सातव्या शब्दावर थांबायचे. दर शुक्रवारी, सातव्यावरच.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. रेल्वेच्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेला, कितीतरी मेलेल्यांचे डोळे या हातांनी मिटलेत. पण ऐकू यायचं ते यायचं, त्याला मी काय करू? वैतागून एकदा ओरडलेसुद्धा, "कळलं हो आबा! सातच होते, माहितीय मला!"

सातच होते. अंत्ययात्रेला शुक्रवार पेठेतली आख्खी गल्ली लोटली होती, कब्रस्तानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मोजायला आमच्यातले पुरुष सात, तेही बाहेरगावाहून आलेले. एकेकाळी गिरण्या आणि रेल्वेमुळं सोलापुरात आमची बरीच घरं होती. कुणी ठाण्याला गेलं, कुणी इस्राएलला, आणि उरलेल्यांना आबांनीच एकेक करून माती दिली. आबांनंतर इथं आमच्यातली उरले मी एकटी. शेजारचे चाचा रडवेले होऊन म्हणाले, "आमी एवढे उभे हाय की बेटी, आमाला मोजा की!" त्यांना काय सांगणार? त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले. कद्दिश राहिलं ते राहिलंच.

पुण्याच्या मशिदीत, आमच्या प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणतो, तिथं जाऊन म्हणवून घेता आलं असतं. पण शेवटच्या आठवड्यात आबांनी माझं मनगट धरून सांगितलं होतं, "इथंच. माझ्या उशाशी." मी म्हटलं होतं, "हो आबा, जमवते." एकुलती एक लेक मी, आणि तेवढंही जमवलं नाही. कितीतरी शुक्रवारी भरलं ताट तसंच सारून उठले.

अशात एक दिवस कॉलेजातली इतिहासाची प्राध्यापिका दारात उभी. तिशीतली पोर, खांद्याला झोळी, बोलायला लई गोड. सोलापूरच्या ज्यूंवर एक दिवसाचा कार्यक्रम ठरवला होता. जुन्या फोटोंचं प्रदर्शन, गाणी, जेवण, आणि पुण्याहून आमच्या लोकांची एक बस येणार होती.

"मावशी, स्टेजवर मलिद्याचा डेमो द्याल का?"

"डेमो? डेमो कुकरचा देतात गं!" मी उखडले. मलिदा म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळांचं ताट. नवस फिटला, लग्न जमलं की एलियाहू हन्नबींचं, आमच्या संदेष्ट्याचं, नाव घेऊन त्यावर प्रार्थना करायची. तो काय टाळ्या घ्यायचा प्रकार आहे? बिचारीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं आणि मी विचारलं, "बसमधून पुरुष किती येणार?"

"नऊ-दहा असतील."

"नऊ की दहा?" मी इतक्या जोरात विचारलं की तिच्या हातातला चहा बशीत सांडला.

तीन दिवसांनी तिचा फोन आला, दहा. मग मी सौदा केला. मलिदा करीन, डेमो म्हण नाहीतर आणखी काही म्हण. पण कार्यक्रम संपला की ती बस कब्रस्तानात न्यायची.

कार्यक्रमाच्या दिवशी प्रदर्शनात एक फोटो होता. दिवाळीत काढतात तसा, सगळे ओळीनं, इस्त्रीच्या कपड्यांत. खुर्चीवर म्हातारे, मागं उभे तरणे, त्यात आबा. ती दहा शब्दांची ओळ मी त्या फोटोवर दोनदा पुरी म्हटली, तरी माणसं उरली. त्यातला एकही आज सोलापुरात जिवंत नाही. मी तिथून निघाले. स्टेजवर ताट मांडलं, प्रार्थना झाली, आणि लोकांनी खरोखर टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेत आबा बसलेत असं मला सारखं वाटत होतं. तिकडं बघायचं धाडस झालं नाही.

जेवणं झाली, आणि पाहुणे शिरले चादरींच्या दुकानात. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, कुणी निळी उलगडतंय, कुणी शेंगाचटणी कुठं मिळते विचारतंय. माझा तोल गेला. "तिकडं माझा बाप सहा वर्षं ताटकळलाय, आणि तुम्ही रंग कसले निवडताय!" दहाच्या दहा पुरुष मुकाट्यानं बसमध्ये चढले.

कब्रस्तानाच्या फाटकाशी उतरताना मी एकेकाकडं बघून मनात ओळ म्हटली. पुरी झाली. नऊ जण आत गेले. दहावे, ऐंशीच्या घरातले, हातात काठी, फाटकाबाहेरच थबकले.

"बाई, मी कोहेन आहे. मला आत येता येत नाही."

कोहेन म्हणजे जुन्या याजकांच्या कुळातला. त्यानं मृतांपासून लांब राहायचं. आम्हा बेने इस्राएलांत कोहेन नसतातच, म्हणून सत्तर वर्षांत ही गोष्ट माझ्या मनाला शिवली नव्हती. हे पुण्याच्या बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या, ज्यूंपैकी. मी फाटकाशीच बसले. साताचे नऊ झाले होते, बस्स. एकजण म्हणाला, सगळेच बाहेर रस्त्यावर उभं राहून म्हणू. मी म्हटलं, "रस्त्यावर काय आबा झोपलेत?"

म्हाताऱ्यांनी विचारलं, "कबर कुठली?" मी बोट दाखवलं, अगदी टोकाला, मागच्या भिंतीलगत. भिंतीच्या बाहेरून काट्याकुट्यांतून, काठी टेकत, थांबत निघाले. आम्ही आतून त्यांच्या सोबतीनं चालत राहिलो. शेवटी आबांच्या कबरीमागं, भिंतीच्या पलीकडं, त्यांची टोपी दिसली, मग घामानं डबडबलेला चेहरा.

"तोंड दिसतंय ना माझं? मग मी आहे. करा सुरू."

कद्दिश झालं. दहा जणांचं आमेन झालं, त्यातलं एक भिंतीपलीकडून, बरोबर आबांच्या उशाकडून. मी कान देऊन उभी राहिले. मातीखाली कुणी मोजत नव्हतं. मला हलकं वाटायला हवं होतं, पण भीतीच वाटली, आता मी अगदीच एकटी.

बसशी त्या म्हाताऱ्यांच्या हातातले काटे काढताना मी म्हणाले, "तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

"उपकार कसले? तुमच्या वेळीही येऊ. फक्त कळवा."

"माझ्या वेळी मी कशी कळवणार हो?"

ते ओशाळले. मी हसायला गेले, पण हसू आलं नाही. प्राध्यापिका मागंच उभी होती. तिनं झोळीतून वही काढली. "मी कळवीन, मावशी." त्यांचा नंबर लिहून घेतला, मग माझ्याकडं बघून विचारलं, "फोनवर नेमकं काय सांगू?"

"सांग, सोलापूर संपलं."

मी चेष्टा करतेय का, हे तिनं क्षणभर बघितलं. मग मान खाली घालून नंबरापुढं तेवढंच लिहिलं.