गुणवंतरावांच्या अठरा बाटल्या

गुणवंतराव खोब्रागडे उभ्या जन्मात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, आणि तरीही घुग्घुसच्या त्या वस्तीत दीड वर्ष त्यांच्याएवढा नावाजलेला दारुडा दुसरा नव्हता. हसू नका. ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यालं तरी लोक ताडीच म्हणणार. आणि हे तर झाडच घरात घेऊन बसले होते!

खाणीच्या गेस्टहाऊसवर ते खानसामा, चौकीदार, सगळंच होते. १९८१च्या जानेवारीत कोळसा धुवायचं यंत्र बसवायला ऑस्ट्रेलियातून रॉस नावाचा इंजिनियर आला. उंच, लालबुंद, हिंदी मोडकंतोडकं. मग तो दर हिवाळ्यात दोन महिने येऊ लागला आणि येताना भावाच्या द्राक्षमळ्यातली लाल वाइन आणू लागला, पहिल्या खेपेपासूनच, दर खेपेला नव्या सालची, तीन बाटल्या. प्यायला नाही हो, ठेवायला! त्याचं म्हणणं, दरवर्षीचं ऊन वेगळं, पाऊस वेगळा, म्हणून दर सालची चव वेगळी. आणि चांगली लाल वाइन थंड अंधारात वर्षानुवर्षं निजली, की मग कुठे तिला अक्कल येते. सगळी सालं एका टेबलावर मांडून एका बैठकीत चाखायची, हे त्याचं स्वप्न. त्याला स्वतःचं घर नव्हतं. आज या देशातली खाण, उद्या त्या. फिरून फिरून यायचा तो इथेच. म्हणून म्हणाला, "गुनवंट, टुम रखो. हम आने तक खोलना नहीं."

"ठेवतो," गुणवंतराव म्हणाले. विषय संपला.

आता चंद्रपूरचा उन्हाळा! मे महिन्यात भिंतीला हात टेकला तर चटका बसतो, तिथे बाटल्या थंड ठेवायच्या कशा? गेस्टहाऊसमागे जुना बारूदखाना होता, अर्धा जमिनीत, जाड भिंतींचा, रिकामा पडलेला. गुणवंतरावांनी तो झाडला, रेती पसरली आणि बाटल्या नीट उभ्या मांडल्या. पुढच्या वर्षी साहेबाने ते पाहून कपाळावर हात मारला. बाटली आडवी हवी, बूच ओलं राहिलं पाहिजे, नाहीतर आत हवा शिरते. गुणवंतरावांना कसं कळावं? त्यांच्या वस्तीत बाटली आडवी म्हणजे रिकामी, आणि तिच्या शेजारी पिणाराही आडवा. त्या दिवसापासून बाटल्या रेतीत आडव्या निजल्या. दारावर ओली पोती, सकाळ-संध्याकाळ रेतीवर पाण्याचा शिपका, मे महिन्यात दिवसातून चारदा.

बायको नीलाबाई चिडायची. "विहारात वंदना तुमी घेता, दारू पेऊ नका म्हणून पाचवं शील लोकायले तुमी सांगता, अन् इथी दारूले पाणी पाजून राह्यले!"

"पाजून राह्यलो. पेऊन तं नाई राह्यलो ना?"

शहाऐंशीपर्यंत सहा सालं जमली, अठरा बाटल्या. पुढच्या हिवाळ्यात साहेब आलाच नाही. चिठ्ठी आली, उशीर होईल पण येईन. त्याच्याऐवजी आला खाणीचा नवा मॅनेजर. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात कोणी बडा अधिकारी येणार होता, त्याच्या पार्टीसाठी याने हुकूम सोडला, "सहा बाटल्या काढ."

"साहेब, माह्या नाईत त्या."

"मग तुझ्या बापाच्या आहेत?"

"बापाच्या असत्या तं देऊन टाकल्या असत्या."

झालं! त्याच दुपारी गुणवंतरावांची बदली वजनकाट्यावर, ट्रकच्या धुळीत. वर धमकी, उद्या बारूदखान्याचं कुलूप तोडतो. मग काय करणार? संध्याकाळी सायकलला पोती बांधून चार खेपांत त्यांनी सगळा माल घरी आणला. पाळी सुटायची वेळ, रस्ता माणसांनी भरलेला, आणि पोत्यात बाटल्यांचा खळखळाट. गावाचं तोंड कोण धरणार?

तिसऱ्या दिवशी विहार कमिटीचे अध्यक्ष सोमाजी दारात उभे राहिले. आतही आले नाहीत. "सगळ्यासमोर फोडा त्या बाटल्या, गुणवंतराव. नाई तं पौर्णिमेची वंदना दुसरा घेईन."

"ठेव हाये भाऊ ते. मी शब्द देल्ला."

"शब्द देल्ला? दारूसाठी?"

बापाने छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा गुणवंतराव दहा वर्षांचे होते. बापाच्या शेजारी बसून वंदना शिकलेला हा माणूस. तीच काढून घेतली. सोमाजी गेल्यावर ते नीलाबाईसमोर ढसाढसा रडले. मग डोळे पुसले, कुदळ घेतली आणि मागच्या खोलीत कमरेएवढा खड्डा खणला. "हत्ती गेला," म्हणाले, "आता शेपटासाठी हार मानू काय?" त्यांनी बाटल्या रेतीत निजवल्या, वर ओली पोती, त्यावर फळ्या. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे वांधे होते, तरी त्यांनी एक दिवस पोतं सुकू दिलं नाही. स्वतःची आंघोळ एका तांब्यात उरकायचे.

एकोणनव्वदच्या जानेवारीत वस्तीत जीप शिरली. रॉससाहेब! गेस्टहाऊसवर चौकशी करून तडक घरीच आला. बोळ अरुंद, म्हणून जीप नळापाशी थांबली, पुढे तो पायी, मागे अख्खी वस्ती, सोमाजीही. गुणवंतरावांनी फळ्या काढल्या आणि एकेक बाटली अंगणात आणून मांडली. साहेबाने प्रत्येकीचं बूच बोटाने चाचपलं आणि मोठ्याने मोजलं. अठरा. सगळ्या बंद.

त्याने सर्वात जुन्या सालची एक उघडली, स्टीलच्या पेल्यात ओतली, वास घेतला, घोट घेतला आणि लगेच दुसरा. मग दुसरा पेला भरून गुणवंतरावांपुढे धरला. गुणवंतरावांनी हात जोडले.

"नहीं? कभी नहीं पिया?"

"कभी नहीं."

"टो फिर इटने साल रखा क्यों?"

आता मात्र गुणवंतराव भडकलेच. "क्यों म्हंजे? तुमनेच रखने को दिया था ना!"

साहेबाने पेला खाली ठेवला आणि त्यांना मिठी मारली. सोमाजी पुढे आले, मान खाली. "चुकलं आमचं, गुणवंतराव. येत्या पौर्णिमेची वंदना तुमीच घ्या."

"घेतो. पन आंधी हिची माफी मांगा. दीड साल हिच्याशी नळावर कोनी बोललं नाई."

सोमाजींनी नीलाबाईपुढे हात जोडले. तिने पदर खोचला आणि डोळे न पुसताच म्हणाली, "माफी ऱ्हाऊ द्या, भाऊ. आंधी ह्या बाटल्या जीपमंदी नेऊन ठेवा. तुमच्या हातानं."

विहार कमिटीच्या अध्यक्षांनी दोन बाटल्या काखेत, दोन हातात अशा पाच खेपा घातल्या, भर दुपारी, नळावरून.