शेळ्यांपुढचं प्रवचन

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. झाडीपट्टीतल्या प्रतापगडाजवळच्या रानात मी गावच्या शेळ्या चारायचो. दर शनिवारी दुपारी एक पाद्रीबाबा सायकलवर यायचे आणि मोहाच्या झाडाखाली बसून रविवारचं प्रवचन मला म्हणून दाखवायचे. मी जांभई दिली की तेवढं वाक्य पेन्सिलीने खोडायचे.

एकदा त्यांनी बायबलातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. त्यातला मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं रानात सोडून एकाला शोधायला जातो.

मी म्हटलं, "काऊन जाते थो? इथं तं वाघ हाये. बाकीच्यायले कोन सांभाळते?"

 बाबांनी पेन्सिल कानावर अडकवली आणि ते सायकलवर बसून निघून गेले.

पुढच्या शनिवारी माझीच एक शेळी हरवली. मी रडकुंडीला आलो. बाबांनी बायबल मिटलं आणि माझी काठी हातात घेतली.

"तू जाय शोधाले. बाकीच्यायले मी पाहतो."

शेळी घेऊन परतलो तेव्हा दिवस कलला होता. वाघ जवळ येऊ नये म्हणून बाबा शेळ्यांमध्ये उभे राहून अख्खं प्रवचन ओरडून सांगत होते. एकही शेळी कमी नव्हती. बाबांचा आवाज मात्र पार बसला होता, आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता.