पांढऱ्या फुलीची विहीर

त्या साहेबानं आमच्या खडकावर पांढरा रंग लावला नसता, तर पुढचा कुठलाच ताप झाला नसता. इतक्या वर्षांनी लिहायला बसलो तरी माझं पहिलं म्हणणं हेच आहे. दुसऱ्याच्या रानात जाऊन दगडाला रंग लावायचा नसतो. लावलाच, तर तो कशापायी लावला ते गावाच्या गळी उतरेल असं सांगता आलं पाहिजे. मी चौथीत शाळा सोडली, पण एवढं मला तेव्हाही कळत होतं.

लढाईचे दिवस होते. साखर, रॉकेल, कापड, सगळं मोजून मापून मिळायचं. अशात सरकारी खात्यातला एक तरुण साहेब काष्टीच्या अलीकडं आमच्या गावात आला आणि चावडीत उतरला. पुण्याकडचा, मास्तरकीच्या घरातला, बोलायला मऊ. हातात हातोडी, खांद्याला झोळी. सकाळी उठायचा आणि ओढ्याच्या काठानं दगड फोडत चालायचा. फुटलेल्या ढलपीला थुंकी लावायचा, भिंगातून बघायचा आणि झोळीत टाकायचा. ओढ्यावरच्या बाया धुणं आपटायचं थांबवून त्याच्याकडं बघत बसायच्या. आमच्याकडं दगड फोडतात ते वडार, आणि फोडलेला दगड कुणाच्या तरी भिंतीत जातो. हा फोडतो आणि झोळीत भरून घेऊन जातो, त्याचं करतो काय, हे कुणाला उमजेना.

मला मात्र त्यानं नीट सांगितलं होतं. नाही असं नाही. आपला हा काळा खडक म्हणजे मागं कधीतरी जमिनीच्या पोटातून वर आलेला रस. एकदा आला आणि थिजला. पुन्हा आला आणि त्याच्यावर थिजला. तव्यावरची धिरडी काढून एकावर एक ठेवावीत, तशी ही चळत. दोन धिरड्यांच्या मधे कुठं कुठं तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो पट्टा कुठं वर येतो, कुठं खाली दडतो, ते बघत तो हिंडत होता. शिवाय लढाईतल्या दुर्बिणींना म्हणे काचेसारखा नितळ एक दगड लागतो. तो या खडकाच्या पोकळीत मिळतो का, ते बघायचंही त्याला वरून सांगितलं होतं.

आमच्या मळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, बांधाला लागून, तो तांबडा पट्टा बाहेर डोकावतो. तिथं त्यानं पांढऱ्या रंगानं एक आडवी रेघ मारली, खाली एक फुली काढली आणि पुढं गेला. दुसऱ्या दिवशी मी बघतो तर फुलीपाशी कुणीतरी नारळ फोडलेला.

गावाला दोष देऊन उपयोग नाही. आमच्याकडं परका माणूस हातात काहीतरी धरून रानातून हिंडतो, मधेच थांबतो, खाली बघतो आणि खूण करतो, तो पाणाड्या. जमिनीखालचं पाणी सांगणारा. कुणी तळहातावर नारळ धरून चालतो, कुणी झाडाची फांदी धरून. हा हातोडी धरून चालत होता. साहेब चावडीत येईल त्याला सांगायचा की मी पाणी बघत नाही, खडक बघतो. लोक मान डोलवायचे आणि नारळ ठेवून जायचे. पाणाड्या असून पाणी बघत नाही म्हणतो, म्हणजे पोचलेला असणार, असं गावानं ठरवून टाकलं.

आता माझं दुखणं सांगतो. वडील लवकर गेले. जमीन एकत्र होती आणि कर्ते माझे चुलते. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. मळ्याच्या खालच्या अंगाला मी लिंबोणीची बाग लावली होती. लावली तेव्हा सगळं गाव हसलं. तात्या चारचौघांत म्हणाले होते, बाजरी सोडून हा आंबट पिकवणार, मग पाव्हण्यांना भाकरीऐवजी सरबत पाजणार. ओढ्यातल्या डोहातून कावडीनं पाणी वाहून एकेक झाड जगवलं. चौथ्या वर्षी पहिला बहर धरला आणि त्याच वर्षी डोह होळीलाच तळाला गेला. विहीर झाली नाही तर बाग जळणार, एवढी साधी गोष्ट होती.

विहीर तात्यांनाही हवी होती. सुरुंगाची दारू तेव्हा परवान्याशिवाय मिळत नव्हती. नगरला खेटे घालून त्यांनी ती मिळवली होती, जेमतेम एका विहिरीपुरती. वडारांची टोळीही ठरली होती. वाद राहिला होता तो फक्त जागेचा. मला ती खाली, बागेला लागून पाहिजे होती. तात्या म्हणत, वर काढली तर पाट सगळ्या रानात फिरंल, खाली काढली तर तुझ्या लिंबांपुरती. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण फुली निघायच्या आधी तेही खालचीच जागा बरी म्हणत होते, हे मी विसरलेलो नाही.

मी तडक चावडीवर गेलो. साहेब झोळीतल्या ढलप्या मांडून बसला होता.

"साहेब, आमच्या तात्यांना एवढं सांगा, त्या फुलीखाली पानी न्हाई."

"नाही असं मी कसं म्हणू?"

"मग हाय म्हना."

"तेही कसं म्हणू? दादा, तो पट्टा तिथं आहे, एवढंच मला माहीत आहे. पट्ट्याशी कधी पाणी अडतं, कधी अडत नाही. खडकाला भेगा कशा आहेत त्यावर असतं. सांगता येत नाही."

हे 'सांगता येत नाही' पुढं मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही कानात वाजायचं. मी विचारलं, तो तुमचा रस वर आला कधी. तो म्हणाला, कोट्यवधी वर्षं झाली. मी विचारलं, त्याची खात्री हाय? तो म्हणाला, हो, आहे.

"म्हंजे कुनीच नव्हतं तवाचं तुमाला ठाव हाय, आन आज मी ज्याच्यावर उभा हाय त्याच्या खालचं ठाव न्हाई?"

तो हसला नाही, रागावलाही नाही. खरोखर विचारात पडला आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. असंच आहे ते."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? चिडला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

शेवटी मी त्याला हाताला धरून तात्यांपुढं नेलं. तात्यांनी त्याला घोंगडीवर बसवलं, दूध दिलं. त्यानं अंगणातल्या मातीत काडीनं रेघा ओढून सगळं समजावलं. धिरडी झाली, पट्टा झाला, भेगा झाल्या. तात्यांनी एका शब्दानं मधे अडवलं नाही. तो गेल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "बघितलं का? न्हाई म्हनला का येकदा तरी?"

"व्हय तरी कुठं म्हनला?"

"शानी मानसं तोंडानं व्हय म्हनत न्हाईत, लेका. रंगानं म्हनत्यात."

झालं. विहीर फुलीपाशी धरली. वर मुरूम होता तोवर काम झपझप झालं, मग काळा पाषाण लागला. रोज दुपारी सुरुंग उडायचा, धूर निवला की वडार खाली उतरायचे आणि राडारोडा वर यायचा. माझं लक्ष मात्र खालच्या अंगाला. डोहातला चिखल उपसून, त्यात झिरपेल तेवढं पाणी कावडीनं नेऊन मी आळ्यांत ओतत होतो. पानं गुंडाळायला लागली होती. बारकी लिंबं गळून आळ्यात पडायची. कारभारीण ती वेचून मिठात घालायची.

मग तांबडा पट्टा लागला. वडारांनी हात जोडले, तात्यांनी खाली गूळ-खोबरं सोडलं. पट्टा कोरडा ठणठणीत निघाला. गेरूसारखी भुकटी. त्याच्या खाली पुन्हा काळा खडक. तात्या म्हणाले, चालू द्या. एके दिवशी पहार मारता मारता आत गेली, नुसती पोकळी. पुढच्या सुरुंगाला ती उघडी पडली. माणूस बसेल एवढी खोबण, आणि आतून सगळी दगडी फुलांनी मढलेली. पांढरी, कुठं गुलाबी झाक, कुठं हिरवट. टोकं अशी की हात लावला तर बोट कापेल. ऊन आत शिरलं तशी ती लखलखली. पाण्याचा मात्र टिपूस नाही.

सगळं गाव लोटलं. हिरे निघाले अशी बोंब थेट काष्टीच्या बाजारापर्यंत गेली. तात्यांनी वरूनच हळद-कुंकू टाकलं. साहेब बोडक्या डोक्यानं पळत आला, दोराला धरून खाली उतरला आणि बराच वेळ वर येईना. वर आला तेव्हा डोळे ओले. म्हणाला, हा काही तो दुर्बिणीचा दगड नव्हे, हा धुरकट आहे, लढाईच्या कामाचा नाही. पण दगडी फुलांचं असं घर आपण उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. हे एकेक फूल वाढायला किती काळ गेला असेल, असं काहीतरी तो आपल्याशीच पुटपुटत होता. मी म्हटलं, साहेब, माझी लिंबं जळायला लागली. तेही त्यानं ऐकून घेतलं. नेहमीच्याच शांतपणे.

मग त्यानं अडखळत विचारलं, यातले काही तुकडे पुण्याला नेऊ का, तुम्ही मागाल ते देईन. तात्या पलीकडं गर्दीला हटवत होते. मी त्याला बांधाच्या आडोशाला नेलं.

"मला काय बी नगं. फकस्त येक करायचं. सांगता येत न्हाई म्हनायचं न्हाई. दारू निम्मी उरली हाय, तात्या अजून खाली जा म्हनत्यात. तुमी त्यांच्याम्होरं उभं ऱ्हाऊन म्हनायचं, हितं पानी न्हाई. बास."

"पण दादा..."

"तुमचा दगड तुमाला गावला. माझी बाग अजून मराया टेकली न्हाई तवर बोला."

तो बांधावर बसला. हातातली ढलपी उलटी सुलटी करत राहिला. आणखी एकदा 'पण' म्हणाला आणि तिथंच थांबला. खाली माझ्या झाडांकडं त्यानं बघितलं, ते मी पाहिलं. मग उठला, तात्यांपुढं जाऊन उभा राहिला आणि त्यांच्याकडं न बघता म्हणाला, "तात्या, इथं पाणी नाही. थांबवा काम." त्याचे कान लालबुंद झाले होते.

तात्यांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग वडारांना वर यायची खूण केली आणि म्हणाले, "हे पहिल्याच दिशी सांगाय काय झालतं?" तुकडे कडब्यात घालून, कारभारणीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून साहेब दोन दिवसांनी निघून गेला. पुन्हा आमच्या भागात दिसला नाही. एक तुकडा तात्यांनी ठेवून घेतला आणि देव्हाऱ्यात मांडला.

उरलेल्या दारूवर मी बागेजवळ विहीर धरली. पाणी लागलं, पण गुडघाभर. सकाळी उपसलं की संध्याकाळपर्यंत वाट बघायची. खालच्या ओळी जगल्या, वरच्या गेल्या. गेलेली मी माझ्या हातानं तोडली. काटे सुकले तरी सरळ उभे असतात, हाताची चाळण झाली. तो पावसाळाभर आमच्या चुलीत लिंबाचंच जळण होतं. धुरानं डोळे चोळत कारभारीण म्हणायची, औंदा चुलीला बहर चांगला धरलाय.

पुढं स्वराज्य आलं, घर वाटलं गेलं. फुलीची विहीर माझ्या चुलतभावाच्या वाट्याला गेली. विहीर कसली, काटेकुटे टाकायचा खड्डा. एका उन्हाळ्यात त्याला काय वाटलं कोण जाणे. कुणाला न विचारता त्यानं ती साफ केली आणि दगडी फुलांच्या त्या खोबणीखाली आणखी खणली. फार नाही, माणूसभरही नाही. कडेच्या भेगेतून पाणी असं फुटलं की मोटेला दम टाकू देईना.

मला बोलावणं आलं. मी गेलो, ओंजळीनं प्यालो. पाणी गोड होतं. वरच्या ओळींतली झाडं तेव्हा असती तर भर फळात असती. तात्या ओट्यावर बसून होते, म्हातारे झाले होते. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा मारणार. ते फक्त म्हणाले, "रंगानं खरं सांगितलं हुतं बाबा." मी म्हटलं, रंगाला काय बी ठाव नव्हतं. आणि घरी आलो.

राग मला तात्यांचा नाही, त्या साहेबाचा आहे. मी त्याला तसं बोलायला लावलं हे खरं. पण शिकलेल्या माणसानं माझ्यासारख्याचं ऐकायचं असतं का? उठता बसता सांगता येत नाही म्हणणारा माणूस. आणखी एकदाच म्हणाला असता तर त्याचं काय जात होतं?

परवा नातवानं बोअर घ्यायची म्हणून एकाला आणलं. गडी तळहातावर नारळ धरून फिरला, नारळ उभा राहिला, त्यानं टाचेनं खूण केली. मी विचारलं, पाणी लागंल का. म्हणाला, "बाबा, शंभर टक्के. गॅरंटी." आणखी एकदा विचारलं, तरी तेच. मी त्याला बांधापर्यंत सोडून आलो आणि पुन्हा येऊ नको म्हणून सांगितलं. नातू चिडला. विचारतो, मग तुमाला पायजे तरी कसला मानूस? घरात तेव्हापासून माझ्याशी कुणी धड बोलत नाही. न बोलू देत.