मधलं एक अक्षर

मंडळी, एका कोडं रचणाऱ्यावर आज माझं डोकं फिरलंय, आणि तो माणूस आता हयातसुद्धा नसणार.

लालबागची खोली रिकामी करतोय. माळ्यावरच्या ट्रंकेत तळाला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतलं एक साप्ताहिक निघालं. त्यात शब्दकोडं, आईच्या बाबांनी पेन्सिलीने सोडवलेलं. फक्त एक घर रिकामं.

आडवा शब्द: 'मुंबई कोणाची?' तीन अक्षरं, आ_ची. मी हसलो. "आई, त्या दिवसांत 'आमची' सोडून दुसरं कोण काय लिहील?"

"का? 'आईची'. मुंबाआईची मुंबई," आई म्हणाली. "बाबा ह्यावरच तर अडले होते."

मग त्याच घरात संपणारा उभा शब्द बघितला. 'गिरणी कामगाराला काय चुकत नाही?' घा_. आता घाम लिहा नाहीतर घाई लिहा, दोन्ही बरोबर! याला काय कोडं म्हणायचं? शुद्ध लबाडी आहे ही. आणि खाली छापलंय, 'उत्तर पुढील अंकात.' तो अंक आता आणू कुठून?

आईने पेन्सिल पुढे केली. "जाऊ दे रे, तू लिही 'आमची'."

खाली सामानाचा टेम्पो भरून उभा होता. आम्ही बदलापूरला चाललोय, कायमचे.

मला तो 'म' लिहिता आला नाही.

घर अजून रिकामंच आहे. तुम्ही कुठलं अक्षर भरलं असतं?