एका दमाचा मंतर

मोताळ्यात शाकिर पिंजारी कापूस पिंजून गाद्या भरायचा, आणि रविवारी दुपारी त्याच दुकानात जादूगार व्हायचा. हसू नका! दोस्तांनी एकेक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट रचायची, अशा खेळात त्याच्या तोडीचा मांत्रिक कोणी नव्हता. मंतर एका दमात म्हणायचा, मध्ये श्वास घेतला की मंतर वाया. हा नियम खेळाच्या पुस्तकातला नव्हे, शाकिरनंच घातलेला. पिंजायच्या मशीनच्या वर आवाज जाईल असा गडी होता तो.

आता त्याच मशीननं त्याची छाती खाल्ली होती. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, कापसाच्या धुळीनं फुप्फुसं गेलीत, काम सोड, नाहीतर जास्त दिवस नाहीत. हे त्यानं बायकोपासून लपवलं. समीनाला कळलं असतं, तर तिनं त्याच दिवशी मशीनचा पट्टा काढून फेकला असता. आणि मशीन बंद झाल्यावर आपण कोण, हे शाकिरला सांगता आलं नसतं.

त्या रविवारी बाकीचे यायच्या आधीच शिवम खेळाचं नवं पुस्तक घेऊन आला. तो मोबाईल दुरुस्त करायचा, आणि इथं खेळ चालवायचा, गोष्टीतले राक्षस, संकटं तोच आणायचा.

"शाकिरभाई, दोन नवे जादूगार आले. एक राखेतून जादू काढते. दुसरा सोताच्या आयुष्यातून. मंतर दोनच शब्दांचा, पण दर खेपेले आयुष्य कमी."

"हा कसला जादूगार बे? याच्यापेक्षा बकरा बरा, एकदाच कटते!"

"तुमाले जमन म्हणून आणला," शिवम बोलून गेला, आणि त्यानं मान खाली घातली.

शाकिरला झोंबलं. म्हणजे याला सगळं कळलं होतं! किती रविवार तो बारके मंतर निवडत होता, खोकला चहाच्या घोटाखाली दाबत होता.

"माहा जुनाच मांत्रिक. लाव राक्षस."

शिवमनं गोष्टीतल्या गावाच्या वेशीवर आगीचा राक्षस उभा केला. शाकिरनं सगळ्यात लांब मंतर काढला. निम्म्यापर्यंत आवाज खणखणीत होता. मग असा खोकला सुटला की तो गादीवर आडवाच झाला.

"झाला मंतर, शाकिरभाई. धरू आपण."

"धरू काऊन बे? नियम माहा हाय."

आपल्या मांत्रिकाची सगळी ताकद, मंतर ज्यावर लिहिले होते तो कागद त्यानं टरकन फाडला. रडू आलं होतं त्याला, आणि ते लपवायची ताकदही उरली नव्हती. डोळे पुसत म्हणाला, "दे तो दुसरा. त्याचं आयुष्य सरत चाललं, हे त्याच्या घरच्यायले ठाव असते का?"

शिवमनं पानं चाळली. "पुस्तकात तसं काही नाही."

"मंग आपण घालू नियम. पयला मंतर म्हणायच्या आंधी घरी सांगाव."

शाकिरनं दुकानामागच्या घराच्या दाराकडं पाहिलं. "समीना," त्यानं हाक मारली, आणि पुढचं बोलायला त्याला थांबून श्वास घ्यावा लागला. "इधर आ जरा."