अस्मिता बोट चालवते

माझी बायको बोट चालवते. हे वाक्य मी लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत अनेकदा उच्चारलं आहे आणि दर वेळी समोरून एकच प्रश्न येतो, "पुण्यात?" हो, पुण्यात. आठवडाभर ती सदाशिव पेठेत फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते आणि रविवारी पानशेतच्या बॅकवॉटरवर बोट. मी विश्रांतवाडीचा, म्हणजे सदाशिव पेठेच्या हिशोबात परगावचाच. त्यामुळे असल्या गोष्टींचं नवल वाटून घेण्याचा हक्क मला लग्नातच सोडावा लागला.

सुरुवात एका खांद्यापासून झाली. कंपनीत काम करणारा एक पोरगा खांदा धरून तिच्याकडे आला. वेकबोर्डिंग करताना दुखावला म्हणाला. वेकबोर्डिंग म्हणजे पायाला फळी बांधायची, हातात दोरी धरायची, बोटीने ओढायचं आणि बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून यांनी उड्या मारायच्या. महिनाभराने तसाच दुसरा आला, मग तिसरा. अस्मिताला राहवेना. ती स्वतः पानशेतला गेली, फळीवर उभी राहिली, म्हणजे राहिली नाही, पडली, आणि पाण्यातून डोकं वर काढून बोटवाल्याला म्हणाली, "तुम्ही झटका फार देता. खांदे त्यानेच जातायत." पुढे तिने रीतसर परवाना काढला आणि तिथल्या बोट क्लबने स्टिअरिंग तिच्या हातात दिलं. ती आरशात बघून बोट चालवते. दोरी धरलेल्या माणसाचे खांदे बघते आणि त्यावरून वेग ठरवते. खांदे दुखावून येणारे कमी झाले. दवाखान्याचं नुकसान झालं, पण ते तिला चाललं.

ही बोट मोठी चमत्कारिक असते. बाकीच्या बोटी पाणी बाहेर ठेवायला धडपडतात, ही पंप लावून तळ्याचं पाणी आत ओढते आणि पोटातल्या टाक्या भरून घेते. मग ती जड होऊन खोल बसते, आणि तेव्हा कुठे तिच्यामागे ती मोठी, गुळगुळीत लाट उठते. पाणी शांत असेल तर हिच्यासारखी हीच. वारा सुटला की मात्र हिची पंचाईत होते. नाक बुटकं, पुढची बाजू उघडी, तळ चपटा. आखूड लाटांवर ती धाडधाड आपटते, आणि पुढे वजन असेल तर लाटेवर चढायच्या ऐवजी सरळ लाटेत शिरते. इतकी महाग वस्तू इतकी नाजूक का असावी, असं मी एकदा विचारलं होतं. अस्मिता म्हणाली, "ती लाटा करायला बांधलीय, सोसायला नाही."

आता माझे सासरे. नाव बाळ. टपाल खात्यातून निवृत्त, वय चौऱ्याहत्तर. एकसष्ट साली पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते आणि घर नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. घर गेलं, माणसं वाचली. मला एवढंच माहीत होतं आणि अस्मितालाही याहून जास्त माहीत नव्हतं, कारण त्या घरात तो विषय निघायचा नाही. मुलीला त्यांनी पोहायला कधी पाठवलं नाही. ती नोकरीला लागल्यावर स्वतःच्या पगारातून शिकली.

आणि पुढे जाऊन चालवायला लागली ती बोट, तीही पानशेतला. तेव्हा घरात भांडण होईल अशी माझी अपेक्षा होती. झालं नाही. बाबांनी त्या गोष्टीचा उल्लेखच करायचा नाही असं ठरवून टाकलं. रविवारी संध्याकाळी ती त्यांच्याकडे जायची, केस अजून ओले, नाक उन्हाने सोललेलं. ते विचारायचे, "सिंहगड रोडला गर्दी होती का?" ती हो म्हणायची. संपलं. माझ्या सासऱ्यांनी गप्प बसण्यात जे प्रावीण्य मिळवलं आहे ते पाहून मला कधी कधी त्यांचा मनापासून राग यायचा.

अस्मिताला ते फार लागायचं. पेशंट हिला वचकून असतात, पण एका रविवारी रात्री ओटा पुसता पुसता ती म्हणाली, "त्यांनी एकदा बघावं रे. आवडू नये, पण बघावं."

या एप्रिलात क्लबच्या मालकाने बोट गोव्याला हलवायचं ठरवलं. म्हणजे आता एकच रविवार उरला. अस्मिताने बाबांना एकदाच विचारलं. त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली आणि म्हणाले, "येतो. पण माझ्यासाठी वेगळी फेरी नको. तुझं जे काम असेल ते कर, मी बसेन."

"बाबा, मग सकाळी लवकर निघू. दुपारनंतर वारा सुटतो तिथे."

"जेवल्याशिवाय आणि पाठ टेकल्याशिवाय मी बाहेर पडत नाही. आणि वारा काय, सगळीकडेच असतो."

सून असती तर वाद घातला असता. लेक होती, गप्प बसली. ते येतो म्हणालेत हेच तिला पुष्कळ होतं.

पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पाणी अजून तरी शहाण्यासारखं होतं. अभिनव नावाचा हिंजवडीतला एक मुलगा फळी घेऊन तयार होता. "मॅम, लास्ट संडे आहे, फुल वेव्ह पाहिजे हं." अस्मिताने टाक्या काठोकाठ भरल्या. बाबांना लाइफ जॅकेट घातलं, पट्टे स्वतः आवळले. ते थेट पुढच्या उघड्या भागात जाऊन बसले. "पुढे बसलं की दिसतं," म्हणाले. मी मागे, तोंड अभिनवकडे. तो पडला की हात वर करून ओरडायचं, एवढंच माझं काम आणि तेवढीच माझी लायकी.

पहिली काही मिनिटं सुंदर गेली. अभिनव लाटेवरून उडत होता. अस्मिता आरशात त्याच्याकडे आणि मधूनच पुढे बाबांच्या पाठीकडे बघत होती. ती पाठ ताठ होती. एकदाही मागे वळली नाही.

मग पलीकडच्या डोंगराखालून पाण्यावर काळपट पट्टा सरकत आला. वारा. मी बघेपर्यंत पाण्याचं रूप पालटलं. आखूड, टोकदार लाटा एकीमागून एक यायला लागल्या. अभिनव पडला. अस्मिताने वेग हळूहळू उतरवला. एकदम तोडला तर आपण उठवलेली लाट मागून येऊन आपल्याच बोटीत चढते. लांबून वळसा घेऊन तिने त्याला गाठलं, इंजिन बंद केलं, वर घेतलं. तो मागे येऊन धापा टाकत बसला. एवढ्या वेळात बोट लाटांना आडवी झाली होती. तिने इंजिन सुरू करून नाक वाऱ्याकडे फिरवलं आणि त्याच क्षणी एक लाट पुढून सरळ आत आली.

बाबा घोट्यापर्यंत पाण्यात. बोटीचं नाक आणखी खाली गेलं.

"बाबा, मागे या," अस्मिता म्हणाली.

ते हलले नाहीत. दोन्ही हातांनी कठडा धरलेला. ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने. काही नाही. मला वाटलं, हट्ट. एवढं पाणी आत आलंय आणि म्हाताऱ्याला पुढूनच दिसायला हवंय. मी उठलो. अस्मिताने वळूनही न बघता मला थांबवलं. "तू पुढे जाऊ नकोस. आणखी वजन नको तिथे. बस." मी बसलो. दुसरी लाट थोडी कमी आत आली, पण आली. तेव्हा मला बाबांच्या हातांची बोटं दिसली. पांढरीफटक. तो हट्ट नव्हता. मला भीती वाटली, खरोखरची.

अस्मिताचा आवाज बदलला. हा आवाज मी दवाखान्यात ऐकला होता, खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या आजीबाईंशी ती बोलत होती तेव्हा.

"बाबा, कुठेही जायचं नाहीये. फक्त उजवा हात सोडा. डावा राहू दे. हां. उजवा मागे आणा, सीटच्या पाठीवर ठेवा. ठेवलात? छान. आता बसूनच सरका. घाई नाही. आता डावा."

एका हाताने स्टिअरिंग, नजर लाटांवर, आणि तोंडाने हे. प्रत्येक लाटेआधी ती थांबायची, लाट गेली की पुढचं सांगायची. बाबा एकेक हात सोडत, बोटीच्या समोरच्या काचेमधल्या वाटेतून मागे आले आणि तिच्या शेजारी बसले. नाक वर आलं. तिने पंप सुरू केले. बोटीच्या दोन्ही अंगांनी पाण्याच्या जाड धारा बाहेर पडायला लागल्या.

"आता?" मी विचारलं.

"आता थांबायचं. टाक्या रिकाम्या होईपर्यंत. पुढची आधी."

अशा पाण्यात थांबणं फार कठीण असतं. किनारा दिसतो आणि जीव तिकडे धावतो. ती मात्र नाक वाऱ्याकडे धरून, जेमतेम इंजिन चालवत, त्याच जागी डुलत राहिली. बाबा त्या धारांकडे बघत होते.

"हे पाणी कुठलं?"

"मीच भरून घेतलं होतं, बाबा. लाट मोठी यावी म्हणून. नको असेल तेव्हा सोडून देते."

टाक्या रिकाम्या झाल्या, बोट हलकी होऊन वर आली, आणि अस्मिताने ती लाटांना तिरकी धरून काठाकाठाने हळूहळू न्यायला सुरुवात केली. तेव्हा बाबा बोलले. माझ्याशी नाही, तिच्याशीही नाही, समोर बघत.

"जिन्याचा कठडा होता. पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं. वडील वरच्या पायरीवरून ओरडत होते, सोड, सोड गाढवा, वर ये. मला सोडायचंच होतं." एक लाट गेली. "ओरडलं की हात आणखी आवळतात. शेवटी शेजारच्यांनी बोटं उकलून उचलून नेलं. मग वर्षानुवर्षं घरात त्याच्यावर हसत होते सगळे."

अस्मिताने नजर पाण्यावरून काढली नाही. काढता येणारच नव्हती.

"तू ओरडली नाहीस," बाबा म्हणाले.

"ओरडले असते तर उठला असतात का?"

"नाही."

"मग झालं तर."

एवढंच बोलले ते बापलेक. मी मागे बसून तोंड अभिनवपासून फिरवलं, कारण माझे डोळे भरले होते आणि त्या पोराला काय सांगणार? इतक्या वर्षांचा माझा राग कुठे ठेवावा तेही मला कळेना.

धक्क्याला लागलो तेव्हा बोट अजून चांगलीच हलत होती. अभिनव उडी मारून उतरला. मी उतरलो, जमिनीवर पाय नीट रोवले आणि बाबांसाठी हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"तुम्ही व्हा पुढे, आमोदराव," ते म्हणाले. "मी बसतो जरा हिच्यापाशी."